पायपेटीच्या जागी लॅपटॉप

आमच्या शाळेच्या संगीताच्या खोलीत एक जुनी पायपेटी आहे. एके काळी गावच्या जत्रेतील संगीत नाटकांना तिचीच साथ असे, आणि तिचा आवाज देवळाच्या प्राकाराबाहेरही ऐकू जाई, असे वयोवृद्ध मंडळी सांगतात. गोव्याचा पावसाळा मात्र अशा वाद्यांचा वैरी. आतल्या पितळी सुरांवर गंज चढला, भात्याचे कातडे फाटले, आणि ते दुरुस्त करणारा कारागीर आसपास उरला नाही. तेव्हा एका पालकांनी असे सुचविले की, हल्ली पायपेटीचा आवाज लॅपटॉपमधून काढता येतो. एक साधा कीबोर्ड त्याला जोडला की झाले. आम्हांस ही सूचना आवडली. शाळेच्या कचेरीतील लॅपटॉप आम्ही मागून घेतला, त्यावर ऑर्गनचा आवाज देणारी आज्ञावली बसविली आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू केल्या.

तालमी उत्तम झाल्या. प्रत्यक्ष संमेलनाच्या रात्री मात्र जे घडले ते आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. एका जुन्या संगीत नाटकातील प्रवेश चालू होता. दहावीची एक विद्यार्थिनी गात होती. शाळेतील तिचे ते शेवटचे संमेलन. जत्रेतील नाटकांतून कामे केलेले तिचे आजोबा पुढच्या रांगेत बसले होते. ती अंतऱ्यावर आली आणि कोणी कागद चुरगळावा तसा आवाज ध्वनिक्षेपकातून येऊ लागला. पाठोपाठ ऑर्गनचे स्वर तुटू लागले, आणि मग एकदम शांतता! 'सगळें बंद पडलें!' असे उद्गार आमच्या तोंडून घरच्या कोकणीतच बाहेर पडले. तबलजी मुलाने ठेका सोडला नाही आणि त्या मुलीने सूरही सोडला नाही, म्हणून प्रवेश कसाबसा पार पडला. खाली उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, "सर, सूर तिथेच होता ना?" सूर तिथेच होता. नव्हता तो आमचा लॅपटॉप.

त्यानंतर अनेक पालक आम्हांस विचारू लागले की, मुलाला किंवा मुलीला रंगमंचावर वाजविण्यासाठी लॅपटॉप घ्यावयाचा तर कोणता घ्यावा? त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. गेल्या वर्षभरात जे वाचले, विचारले आणि स्वतः करून पाहिले, ते या लेखात मांडीत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रविद्येचा आमचा अधिकार नाही. परंतु हा प्रश्न यंत्राचा आहे त्याहून अधिक वेळेचा आहे, आणि वेळ म्हणजे काय हे तालावर डोके हलविणाऱ्या प्रत्येकाला कळते.

संगणकाने संगीत निर्माण करण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली 'म्यूझिक' नावाची आज्ञावली लिहिली आणि आयबीएम ७०४ या अवाढव्य यंत्राकडून सुमारे सतरा सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. 'वाजवून घेतली' असे आपण म्हणतो खरे. परंतु ते यंत्र त्या क्षणी वाजवीत नव्हते. ते आकडे काढीत असे, ते आकडे चुंबकीय फितीवर उतरत, आणि मागाहून दुसऱ्या यंत्रावर त्यांचा ध्वनी होई. पट्टी दाबताच स्वर यावा ही गोष्ट त्या काळी संगणकाच्या आवाक्याबाहेरची होती. पुढे १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून 'मिडी' ही सांकेतिक भाषा ठरली. १९९६ मध्ये हँबर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने 'व्हीएसटी' नावाचा साचा काढला, आणि १९९९ च्या सुधारित आवृत्तीपासून त्या साच्यात वाद्येही बसू लागली. आज आपण ज्यांना सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतो, त्यांपैकी बहुसंख्य याच परंपरेतील होत.

आता यंत्राच्या आत काय चालते ते पाहू. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन, आणि संगणक ते कंपन आकड्यांच्या रूपाने लिहितो. एका सेकंदाच्या ध्वनीसाठी साधारणतः ४८,००० आकडे लागतात; डाव्या आणि उजव्या कानांसाठी निरनिराळे. आपण 'सा'ची पट्टी दाबली की कीबोर्डाकडून लॅपटॉपला फक्त निरोप जातो की, अमुक पट्टी अमुक जोराने दाबली. त्या निरोपात ध्वनी नसतो. ध्वनी घडविण्याचे सारे गणित लॅपटॉपला तेथल्या तेथे करावे लागते. हे आकडे तो एक एक करून बाहेर पाठवीत नाही. १२८ किंवा २५६ आकड्यांचे गठ्ठे बांधून पाठवितो. या गठ्ठ्याला 'बफर' म्हणतात.

बफर म्हणजे काय, हे ज्याने देवळातील महाप्रसादाची पंगत पाहिली आहे त्याला सांगावयास नको. पानावरचा भात संपण्यापूर्वी वाढप्याने पुढचा भात आणला पाहिजे. पानावर थोडाथोडाच वाढावयाचे ठरविले, तर वाढप्याला सारख्या खेपा घालाव्या लागतात, आणि एक खेप चुकली तरी जेवणारा हात आखडून बसतो. भरपूर वाढून ठेवले तर वाढप्याला उसंत मिळते. परंतु मग आपण 'आता ताक हवे' म्हटले तरी पानावरचा ढीग संपेपर्यंत ताकाला जागा नसते. बफर लहान ठेवला तर पट्टी दाबताच स्वर येतो, पण यंत्राची धावपळ होते. मोठा ठेवला तर यंत्र निवांत असते, पण स्वर उशिरा येतो.

हा उशीर किती, याचे गणित आठवीचा विद्यार्थीही करील. सेकंदाला ४८,००० आकडे आणि गठ्ठा २५६ चा. म्हणजे एका गठ्ठ्याला सुमारे ५.३ मिलिसेकंद. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. गठ्ठा १२८ चा केला तर सुमारे २.७ मिलिसेकंद. प्रत्यक्षात आकड्यांचे विजेत रूपांतर करणारे उपकरण आणि त्याची चालक आज्ञावली आपापला थोडा उशीर त्यात मिळवितात, म्हणून एकूण विलंब याच्या दुपटीपर्यंत किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकतो. हा विलंब जाणवतो का? ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. अर्थात एक मीटर जावयास त्याला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. तबलजी आपल्यापासून तीन मीटरांवर बसला असेल तर त्याची थाप आपल्याला नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकू येते, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. म्हणून एकूण विलंब दहा मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बहुतेकांचे काम भागते. वीसच्या पुढे गेला की बोटे अडखळू लागतात. द्रुत लयीत तर वाजविणारा स्वतःच्याच स्वराची वाट पाहत राहतो.

येथवर गोष्ट सोपी आहे. घोटाळा पुढे आहे, आणि दुकानात जाणारे बहुतेक लोक तेथेच फसतात. २५६ चा गठ्ठा धरला तर लॅपटॉपला सेकंदाला जवळजवळ १८८ वेळा आपले काम वेळेत आटोपावे लागते. तीन तासांच्या नाटकात असे प्रसंग वीस लाखांहून अधिक येतात. परीक्षेत शंभरांपैकी पंच्याण्णव गुण मिळाले की आपण पेढे वाटतो. येथे तो हिशेब चालत नाही. दहा हजारांतून एकदाच चुकणारे यंत्र मोठे भरवशाचे वाटेल. परंतु तीन तासांत ते दोनशे वेळा चुकेल, आणि त्यांतील प्रत्येक चूक 'टक्' असा आवाज करून श्रोत्यांपर्यंत पोहोचू शकेल. म्हणजे रंगमंचावरच्या लॅपटॉपची परीक्षा तो सरासरीने किती वेगवान आहे यावर नसून तो कधीही, एकदाही, उशिरा येतो की नाही यावर असते. दुकानातील पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेले आकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नाचे देत नाहीत.

यंत्राला उशीर का होतो? एक कारण उष्णता. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. जाहिरातीत दिलेला कमाल वेग हा बहुधा थोड्या वेळापुरता असतो. शर्यतीच्या सुरुवातीला जोरात पळणारा मुलगा शेवटपर्यंत त्याच वेगाने पळेल असे नव्हे. फार पातळ लॅपटॉप दिसावयास देखणे असतात, पण त्यांत वारा खेळावयास जागा थोडी. आमच्या बाबतीत तर आम्ही शोभेसाठी टेबलावर जाड मखमल अंथरली होती आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला होता. त्याची हवा आत घेण्याची भोके तळाशी होती! वरून रंगमंचावरचे दिवे आणि खालून मखमल. बिचाऱ्याचा श्वासच कोंडला.

दुसरे कारण अधिक फसवे. लॅपटॉपमध्ये आपले वाद्य एकटेच नसते. वायफाय, ब्लूटूथ, चित्रपटल, विषाणूंपासून रक्षण करणारी आज्ञावली, या सर्वांचे नोकर मधूनमधून प्रोसेसरचे दार ठोठावतात, आणि त्यांपैकी एखादा उद्धट नोकर दारात अडून बसला की ध्वनीचा गठ्ठा मागे राहतो. यात प्रोसेसरच्या शक्तीचा संबंध थोडा. महागड्या लॅपटॉपलाही हा रोग असतो आणि स्वस्त लॅपटॉप कधी कधी त्यातून मुक्त असतो. आमचा लॅपटॉप त्या रात्री एका ओळखीच्या फोनच्या हॉटस्पॉटला आपोआप जोडला गेला आणि प्रयोग चालू असतानाच स्वतःची सुधारित आवृत्ती उतरवून घेऊ लागला. तालमीच्या खोलीत तो फोन नव्हता, म्हणून तेथे सारे सुरळीत झाले. हे आम्हांस दुसऱ्या दिवशी त्याच्या नोंदी पाहताना कळले.

विंडोजवरील लॅपटॉपमध्ये हा दोष आहे की नाही हे पाहण्यासाठी 'लेटन्सीमॉन' नावाची आज्ञावली मिळते. ती चालू करून लॅपटॉप पंधरावीस मिनिटे वापरला की कोणता चालक किती वेळ दार अडवितो हे ती सांगते. आमच्या मते प्रोसेसरचे नाव पाठ करण्यापेक्षा ही एक चाचणी अधिक मोलाची आहे. विंडोजवर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यावरील नेहमीचा ध्वनिमार्ग गाणी ऐकावयास ठीक आहे. वाद्य वाजविण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली 'असिओ' ही पद्धत वापरावी लागते, आणि तिचा चालक सामान्यतः बाहेरून जोडावयाच्या ऑडिओ इंटरफेसबरोबर मिळतो. लहानशा डब्यासारखे हे उपकरण यूएसबीने जोडले जाते. लॅपटॉपचे पैसे मोजताना इंटरफेसचे पैसे बाजूला ठेवावेत, असे आम्ही आग्रहाने सांगू. महाग लॅपटॉप घेऊन त्याच्या कानात घालावयाच्या छिद्रातूनच आवाज ध्वनिक्षेपकाला देणारे आम्ही पाहिले आहेत. पैठणी नेसून पायांत फाटक्या चपला घालाव्यात, तसे ते दिसते.

ॲपलच्या मॅकबुकमध्ये ध्वनीची व्यवस्था मुळातच बऱ्यापैकी घट्ट बसविलेली असते आणि वेगळ्या चालकांचा खटाटोप कमी पडतो. २०२० पासून त्यांत कंपनीचे स्वतःचे एम मालिकेतील प्रोसेसर आले. ते कमी तापतात आणि बॅटरीवरही जवळजवळ तितक्याच वेगाने चालतात. त्यांतील 'एअर' या प्रकारात तर पंखाच नाही, त्यामुळे शांत प्रवेशात तो घोंघावत नाही. मात्र पंखा नसल्यामुळे तासन्‌तास जड काम दिले तर त्याचाही वेग उतरतो. रंगमंचावर वाजविण्यासाठीच केलेली 'मेनस्टेज' ही आज्ञावली केवळ याच यंत्रांवर चालते. हे सर्व चांगलेच. पण किंमत मध्यम स्थितीच्या कुटुंबाला जड जाते, आणि आपल्याला हवे असलेले वाद्य त्यावर चालते की नाही हेही अगोदर पाहावे लागते. ज्यांना परवडेल त्यांनी अवश्य घ्यावा. न परवडणाऱ्यांनी मन खट्टू करण्याचे मुळीच कारण नाही. आम्ही स्वतः दुसऱ्या वाटेने गेलो. ते पुढे सांगतो.

खेळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपांविषयी मुले फार उत्साहाने बोलतात. त्यांत शक्ती पुष्कळ असते, परंतु तिचा मोठा भाग चित्रे रंगविण्यासाठी असतो, आणि ध्वनीच्या कामी तो बहुधा येत नाही. उलट त्यांचे पंखे मोठ्याने गरजतात आणि दोन चित्रयंत्रणांची अदलाबदल होताना ध्वनीला धक्का बसू शकतो. कोअरच्या संख्येचेही तसेच. आठ किंवा बारा कोअर ऐकावयास छान वाटतात. पण एका वाद्याचे आणि त्याच्या मागे लावलेल्या परिणामांचे गणित बहुतेक वेळा एकाच कोअरवर चालते. तेव्हा दहा दुबळ्या मजुरांपेक्षा चार धट्टेकट्टे मजूर बरे, असा येथे न्याय आहे.

वाद्यांच्या दोन जाती ओळखून घ्याव्यात. एका जातीत ध्वनी सर्वस्वी गणिताने घडतो. यामाहा कंपनीचा १९८३ सालचा डीएक्स ७ हा सिंथेसायझर आणि त्याच्या वळणावर बेतलेली 'डेक्स्ड' ही विनामूल्य आज्ञावली या जातीची. अशा वाद्यांना स्मृती थोडी लागते, पण प्रोसेसरचा घाम निघतो. एकेका पट्टीमागे गणित वाढत जाते. पेडल दाबून दोन्ही हातांनी वाजविले, तर सुटलेले स्वरही रेंगाळत राहतात आणि एका वेळी तीस-चाळीस स्वर जिवंत असू शकतात. दुसऱ्या जातीत खऱ्या वाद्याचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून साठविलेला असतो. एखाद्या पियानोचा असा संग्रह कित्येक गीगाबाइट भरतो. एवढा सारा स्मृतीत मावत नाही, म्हणून प्रत्येक स्वराचा आरंभ तेवढा स्मृतीत ठेवतात आणि उरलेला भाग वाजता वाजता साठवणीतून ओढून घेतात. येथे फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क कामाची नाही, एसएसडीच हवी. स्मृती सोळा गीगाबाइट असावी. आठमध्ये एक-दोन वाद्ये चालतात, पण नाटकाला आठ-दहा निरनिराळे आवाज तयार ठेवावे लागतात. काही लॅपटॉपांत ही स्मृती मागाहून वाढविता येत नाही, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

विजेच्या बाबतीत दोन शब्द अधिक लिहितो, कारण आमच्या गावच्या सभागृहात सर्वांत जास्त त्रास त्याचाच झाला. लॅपटॉपला चार्जर लावला की ध्वनिक्षेपकातून गुणगुण ऐकू येते आणि चार्जर काढला की थांबते, हा अनुभव पुष्कळांना आहे. दोष बहुधा अर्थिंगचा असतो. लॅपटॉप एका वाटेने जमिनीशी जोडलेला आणि ध्वनिक्षेपकाची यंत्रणा दुसऱ्या वाटेने, असे वर्तुळ तयार होते. यावर काही लोक चार्जरच्या प्लगातील अर्थिंगची पिन मोडून टाकण्याचा उपाय सांगतात. तो कोणीही, कदापि करू नये. ती पिन जीव वाचविण्यासाठी असते. खरा उपाय म्हणजे मध्ये रोहित्र असलेली 'डीआय बॉक्स' नावाची छोटी पेटी. ध्वनिक्षेपकवाल्यांकडे ती पुष्कळदा असतेच, केवळ मागावी लागते. बॅटरीवर वाजवावे हा दुसरा मार्ग, परंतु काही लॅपटॉप बॅटरीवर गेले की वेग कमी करतात. म्हणून दोन्ही अवस्थांत वाजवून पाहिल्यावाचून लॅपटॉप घेऊ नये. वीज गेली तरी लॅपटॉप चालूच राहतो, हा त्याचा आमच्याकडे मोठा गुण. ध्वनिक्षेपक मात्र बंदच पडतात, तो भाग निराळा.

आता खरेदीची रीत. दुकानात जाण्यापूर्वी आपल्याला कोणती वाद्ये वाजवावयाची आहेत त्यांची यादी करावी. दोन-तीनच ठरलेले आवाज हवे असतील, तर लॅपटॉपच्या वाटेला जाऊच नये. सरळ एक चांगला स्वयंपूर्ण कीबोर्ड घ्यावा, तो बटण दाबताच तयार होतो. लॅपटॉपचा उपयोग तेव्हा, जेव्हा आज ऑर्गन, उद्या सतारीसारखा झंकार आणि परवा व्हायोलिनांचा ताफा हवा असतो, किंवा गाणाऱ्याची पट्टी ऐन वेळी पांढरी पाचवरून काळी चारवर आणावयाची असते, तीही किंचित उतरवून. यादी झाली की दुकानदाराला विनंती करून लॅपटॉपवर त्यांपैकी एखादी वाद्य-आज्ञावली बसवून पाहावी. 'सर्ज एक्सटी' हे उत्तम वाद्य विनामूल्य मिळते, तेही चालेल. पेडल दाबून दोन्ही हातांनी निदान अर्धा तास सतत वाजवावे, कान लावून 'टक्' ऐकू येते का ते पाहावे, आणि लॅपटॉपच्या तळाला हात लावून तो किती तापला ते पाहावे. दुकानदार नाही म्हणाला तर परत देण्याची मुदत किती, ते बिलावर लिहून घ्यावे आणि घरी पहिल्याच दिवशी ही चाचणी करावी. आमच्या एका दुकानदारांनी प्रथम कपाळाला आठ्या घातल्या, पंधरा मिनिटांनी तेच म्हणाले, "जरा ते नाट्यगीत पुन्हा वाजवा पाहू."

आम्ही घेतला तो लॅपटॉप जुना आहे. मोठ्या कचेऱ्यांतून तीन-चार वर्षे वापरून बाहेर पडलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकले जातात. त्यांचे अंग जाड, रंग काळा, रूप कारकुनी. परंतु आत हवा खेळती असते, यूएसबीची छिद्रे पुरेशी असतात आणि स्मृती व एसएसडी बहुधा बदलता येते. एक अट मात्र पाहिली. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालेल इतपत नवा प्रोसेसर असला पाहिजे. लेटन्सीमॉनने पहिल्या दिवशी वायफायच्या चालकाविरुद्ध तक्रार केली. वायफाय बंद करताच ती थांबली. रंगमंचावर आम्हांस वायफाय लागतच नाही, तेव्हा हा सौदा आम्ही आनंदाने पत्करला.

प्रयोगाच्या दिवशी काय करावयाचे याची एक चिठ्ठी आम्ही झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविली आहे. विमान-अवस्था चालू. झोपी जाण्याची व्यवस्था बंद. वीज-योजना पूर्ण शक्तीची. सुधारित आवृत्त्या आदल्या आठवड्यातच घेतलेल्या; प्रयोगाच्या दोन दिवस आधीपासून काही नवे बसवावयाचे नाही. बफर १२८, आणि काही कुरकुर ऐकू आलीच तर २५६. यूएसबीच्या तारा टेबलाच्या पायाला सैलसर बांधलेल्या, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी त्या निसटू नयेत. लॅपटॉपखाली लाकडी पाट. मखमल नाही.

यंदाच्या संमेलनात हा काळा लॅपटॉप संध्याकाळी सहापासून रात्री सव्वानऊपर्यंत चालला. वाजविणारा होता त्या गायिकेचा धाकटा भाऊ, आता नववीत आहे. ती स्वतः महाविद्यालयातून खास आली होती आणि आजोबांना घेऊन पुढच्याच रांगेत बसली होती. गेल्या वर्षी तुटलेले तेच पद मुलांनी हट्टाने पुन्हा घेतले. अंतरा आला तेव्हा आम्ही विंगेत उभे होतो, आणि खरे सांगावयाचे तर गाण्याकडे आमचे लक्ष नव्हते. आम्ही टेबलाखाली झाकण उघडून ठेवलेल्या हातपेटीकडे पाहत होतो. तिचा भाता हलविण्याची वेळ आली नाही.

पद संपल्यावर आजोबा उठून आत आले. लॅपटॉपभोवती एक फेरी मारून त्यांनी त्या मुलाला विचारले, "भाता खंय रे हाचो?" मुलाने पंख्याच्या जाळीवर बोट ठेवले.